हरकत नसल्यास

दिवेआगरला सुपारीच्या वाडीतल्या घरात बसून मी एक गाव चालवते, असं माझा नवरा आल्यागेल्याला सांगतो. "गाव दिसत नाही, गावकरी दिसत नाहीत, पण ताप मात्र हिला सरपंचाइतका," हे त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं. पाहुणे हसतात. मीही हसते, कारण तो फारसा चुकत नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी मी पन्नाशीत सोडली. तिथे आम्ही जुनी पुस्तकं, प्रबंध, फोटो स्कॅन करून ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचो ते फुकट होतं. त्याचा कोड खुला होता, म्हणजे कुणीही उघडावा, बघावा, सुधारावा. अशा वस्तूला मालक नसतो. पन्नाससाठ माणसं असतात, कुणी प्रोग्रामर, कुणी ग्रंथपाल, गावोगाव विखुरलेली, आणि आपापल्या फावल्या वेळात ती ते चालतं ठेवतात. त्यांना एकत्र धरून ठेवायला कुणीतरी लागतं. ते काम फिरत फिरत माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. मला कोड लिहिता येत नाही. मला पाठपुरावा करता येतो आणि काळजी करता येते, आणि दोन्ही गोष्टी मी न सांगता करते.

आमचा सगळा कारभार एका मेल-यादीवर चालतो. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचतं. पोचतं, पण उत्तर येत नाही. पहिली दोन वर्षं या एका गोष्टीने माझा जीव खाल्ला. एखादा बदल करायचा तर विचारायचं कुणाला? विचारलं की सगळे गप्प. आवडलं नाही म्हणून गप्प, की वाचलंच नाही म्हणून, की जेवायला बसलेत? मी उगाच पुन्हा मेल करायची, मग त्या दुसऱ्या मेलचा सूर जरा तिखट झाला का, म्हणून दुपारभर जळत राहायची.

शेवटी मी नियम आणला. नियम माझा नव्हे, अशा मंडळींमध्ये तो सगळीकडे चालतो. ज्याला बदल करायचाय त्याने यादीवर प्रस्ताव मांडावा आणि खाली लिहावं, 'हरकत नसल्यास तीन दिवसांनी मंजूर समजावे.' एकाने जरी हरकत घेतली तरी थांबायचं, बोलायचं. कुणीच बोललं नाही, तर झालं. त्या नियमाने अडलेली कामं धडाधड निघाली. मला फार बरं वाटलं. ज्या शांततेची मला धास्ती होती तिलाच मी कामाला लावलं होतं.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो सुपारी सोलत होता. म्हणाला, "आपल्या पाखाडीची सभा विसरलीस का?"

पाखाडी म्हणजे आमच्या घरापुढून जाणारी दगडी पायवाट. ती रुंद करायची म्हणून सभा भरली होती. प्रत्येक वाडीवाल्याने हातभर जागा सोडावी, असं एकाने मांडलं. कुणी ब्र काढला नाही. सगळ्यांनी चहा घेतला, पेढा घेतला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी मोजायला माणूस आला तर एकानेही कुंपणाच्या गडग्याचा दगड हलवू दिला नाही.

"आपल्याकडे माणूस गप्प बसला की समजायचं, त्याला नको आहे," नवरा म्हणाला. "हो म्हणायचं असेल तर तो तासभर बोलतो."

"ते पाखाडीचं झालं. इथे शिकलेली माणसं आहेत," मी म्हटलं. असली वाक्यं मला नंतर बरोबर आठवतात.

यादीला आणखी एक दार होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. जाहिरातवाल्यांनी उच्छाद मांडला म्हणून आम्ही ठरवलं होतं, की नव्या सभासदाचा पहिला मेल थेट यादीवर जाणार नाही. तो एका रांगेत थांबेल, मी तो वाचेन आणि पुढे सोडेन. ही रांग फोनवर दिसत नाही, त्यासाठी संगणक उघडून एका वेगळ्या पानावर जावं लागतं. मी रोज सकाळी चहा घेता घेता जायची. बहुतेक वेळा तिथे केस उगवण्याचं तेल असायचं.

त्या वर्षी सुपारी उतरवायच्या दिवसांत, एका मंगळवारी, आमच्या मुख्य प्रोग्रामरने प्रस्ताव टाकला. हा नागपूरचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नोकरी सांभाळून हे सगळं करणारा. मला ताई म्हणतो. त्याला दुभाष्या काढून टाकायचा होता.

दुभाष्या हे आमचं लाडाचं नाव. पूर्वी संगणकावर मराठी लिहायला जे फाँट होते त्यात पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत भलतीच चिन्हं साठवलेली असायची. ती चिन्हं वाचून नीट मराठी दाखवणारा एक जुना तुकडा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. तो लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला होता. तुकडा सारखा मोडायचा आणि दुरुस्त करायला कुणी नव्हतं. प्रस्तावात स्पष्ट लिहिलं होतं, 'जुन्या फाँटमधल्या नोंदी आता कुणी वापरत असेल असं वाटत नाही. असल्यास कळवावे. हरकत नसल्यास तीन दिवसांनी काढून टाकतो.'

बुधवारी वाडीत सुपारी काढायला माणसं आली. दुपारी वारा सुटला आणि एक झावळी विजेच्या तारेवर पडली. लाइट गेली, मागोमाग फोनची रेंजही गेली. मागच्या मोठ्या वादळानंतर आमच्याकडच्या तारा अशाच झाल्या आहेत, कुणी जोरात शिंकलं तरी तुटतात. गुरुवार तसाच गेला. मी अंगणात सुपारी पसरत होते आणि मनात यादी वाचत होते. कुणी काही लिहिलं असेल का, कुणी भांडलं असेल का, प्रोग्रामर वाट बघत असेल का. नवरा म्हणाला, "दोन दिवस तुझं गाव तुझ्यावाचून जगतंय, हे बघायला तरी मिळालं."

शुक्रवारी सकाळी समुद्राकडच्या टोकाला फोनला दोन काड्या रेंज मिळाली. प्रोग्रामरचा निरोप होता. 'ताई, तीन दिवस झाले. उद्या नवी आवृत्ती काढायची आहे. काढू का दुभाष्या?' मी तिथेच वाळूत उभी राहून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. प्रस्तावाखाली एकही ओळ नव्हती. मी लिहिलं, 'कोणाचीही हरकत आलेली नाही. मंजूर.'

परत येताना काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मी गॅस पाहिला, पंप पाहिला, सुपारी झाकली की नाही तेही पाहिलं. मी जन्मभर नको त्या शंभर गोष्टींची काळजी केली आहे. जिची करायला हवी होती ती त्या दिवशी डोक्यात आलीच नाही.

शनिवारी नवी आवृत्ती निघाली. संध्याकाळी आमची लाइट आली. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, सवयीप्रमाणे चहा घेऊन, मी संगणक उघडला आणि रांगेच्या पानावर गेले.

तीन मेल होते. दोन तेलाचे. तिसरा बुधवारी संध्याकाळचा होता.

'महोदया, सविनय नमस्कार. आपण कार्यशाळेत सांगितल्याप्रमाणे यादीत नाव घातले आहे. प्रस्ताव वाचला. आमच्या वाचनालयाची यास हरकत आहे. आमच्या सर्व नोंदी जुन्या फाँटमध्ये आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संगणक बघणारे येतात व जे नवे असेल ते चढवतात. तरी त्यापूर्वी विचार व्हावा, ही विनंती.'

खाली गावाचं नाव होतं. मुरुडच्या आतल्या बाजूचं, भातशेतीचं गाव. फोन नंबर नव्हता. आणि तो रविवार महिन्यातला पहिला होता.

मला ते गृहस्थ आठवले. दोन वर्षांपूर्वी या सॉफ्टवेअरची मी मुरुडला घेतलेल्या कार्यशाळेत पहिल्या बाकावर बसून शब्दन् शब्द लिहून घेणारे, सत्तरीचे, पांढरा सदरा. गावातून मुंबईला आणि बोटींवर खलाशी म्हणून गेलेल्या माणसांनी घरी धाडलेली पत्रं त्यांनी घरोघर फिरून जमवली होती. पत्र स्कॅन करायचं आणि त्याखाली दोनचार ओळी लिहायच्या. कुणी कुणाला धाडलं, त्यातला 'धाकटा' कोण, 'ती गोष्ट' म्हणजे कुठली. हे पत्रात नसतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावं लागतं. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं होतं. आणि त्यांनी विचारलं होतं, "मग आता वहीत लिवायची गरज न्हाय ना?" त्यावर मी म्हटलं होतं, "आता वही कशाला काका, हे कुठे जात नाही."

मी नागपूरला फोन लावला. प्रोग्रामरने सगळं ऐकून घेतलं. "वाचता येणार नाही, एवढंच ना?" मी विचारलं. "दुभाष्या परत घातला की दिसेल ना सगळं?"

"नाही ताई," तो म्हणाला. "नवी आवृत्ती चढताना नोंदी एकदा साफ होतात. ओळखीची नसलेली चिन्हं ती काढून टाकते. जुन्या फाँटची निम्मी चिन्हं तसलीच. ती गेली की गेली."

त्याने दहा मिनिटांत आवृत्ती मागे घेतली. पण कालपासून ज्यांनी घेतली होती त्यांनी घेतलीच होती. मी काकांना मेल केला, 'कृपया काही चढवू नका.' वर लाल अक्षरांत 'तातडीचे' लिहिलं. उत्तर आलं नाही. दर मिनिटाला बघत होते. मग साडी बदलली आणि नवऱ्याला म्हटलं, मला दिघीला सोड.

त्याने एकदाही चेष्टा केली नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. बोर्लीच्या पुढे स्कूटरच्या मागे बसून मी हिशोब करत होते. संगणक दुरुस्त करणारे कधी वेळेवर येतात का? आमच्याकडचा तर 'निघालो' म्हणतो तेव्हा अंघोळीला गेलेला असतो. रविवार आहे, दुपारी जेवून येईल. कदाचित येणारच नाही. त्या अनोळखी माणसाने आळशी असावं म्हणून मी देवाला नारळ बोलले.

दिघीहून फेरीबोट सुटली. खाडीच्या मध्यावर फोन मुका झाला. बोटीत पर्यटकांच्या गाड्या होत्या, मुलं कठड्याला धरून ओरडत होती. मी एका टेम्पोच्या सावलीत उभी राहून मनात वाक्यं जुळवत होते, काकांना काय सांगायचं. प्रत्येक वाक्य 'लाइट गेली होती'पासून सुरू व्हायचं आणि मला माझीच लाज वाटायची. लाइट गेली हे खरंच होतं. पण लाइट नसताना 'हरकत आलेली नाही' असं मी लिहिलं होतं. रांग न बघता.

आगरदांड्याहून मुरुड, मुरुडहून रिक्षा. वाचनालय म्हणजे शाळेच्या बाजूची एक कौलारू खोली. काका दारातल्या बाकावर पेपर वाचत बसले होते. मला बघून उठले.

"मॅडम? या, या. रविवारच्या कशा काय?"

"काका, संगणकवाले आले होते का?"

"व्हय, येऊन गेले की. नऊलाच आले. नवीन आलंय म्हनाले, टाकून गेले."

मी बाकावर बसले. "तुम्ही टाकू दिलंत?"

"का न्हाय?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "मी हरकत लिवली होती ना. तुमीच शिकवलंय, एकाची जरी आली तरी थांबतात. आनि नवीन आलंय म्हंजे आमचं त्यात ठेवूनच आलं आसनार. म्हनून त्याला म्हटलं, बिनघोर टाक."

बिनघोर. मला तो शब्द ऐकवेना. त्यांना आमच्याबद्दल जरा जरी शंका असती तरी त्यांच्या नोंदी वाचल्या असत्या. त्यांनी विश्वास ठेवला, म्हणून गेल्या.

त्यांनी अजून काही उघडून पाहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. पत्रांची चित्रं जशीच्या तशी होती. खाली त्यांच्या ओळींच्या जागी सुटी इंग्रजी अक्षरं आणि मोकळ्या जागा. त्यांनी दुसरं पत्र उघडलं, तिसरं उघडलं, मग मध्येच एकदम शेवटचं. प्रत्येकाखाली तेच.

"काका, तुमचा मेल माझ्याकडे पडून होता," मी म्हटलं. "नव्या माणसाचा पहिला मेल मला उघडून पुढे सोडावा लागतो. मी तो उघडलाच नाही. आणि न उघडता कुणाची हरकत नाही असं लिहून दिलं."

त्यांनी पहिलं पत्र पुन्हा उघडलं. मला वाटलं, आता ओरडावं यांनी. काहीही बोलावं.

"म्हंजे पोचलंच न्हवतं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी माठातलं पाणी आणून मला दिलं.

त्यांच्या संगणकवाल्याने जुन्या नोंदींची एक प्रत कधीतरी काढून ठेवली होती, ती मुरुडच्या त्याच्या दुकानात सापडली. ती चौदा महिन्यांपूर्वीची होती. तिथपर्यंतचं सगळं परत आलं. त्यापुढची दोनशे सदतीस पत्रं उरली. वही तर त्यांनी कार्यशाळेनंतर बंदच केली होती.

तेव्हापासून मी एकाआड एक गुरुवारी फेरीबोटीने जाते. काका आठवून सांगतात, मी टाइप करते, आता नव्या फाँटमध्ये. काही पत्रांचं त्यांना सगळं आठवतं, त्या पत्रात नसलेलं भांडणसुद्धा. काही ठिकाणी आम्ही उठतो आणि त्या घरी जाऊन पुन्हा विचारतो. आणि काही ठिकाणी ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "हे सांगनारी म्हातारी पावसात गेली. हितं मोकळं ठेवा." मी मोकळं ठेवते. आत्तापर्यंत अशा एकेचाळीस जागा झाल्या आहेत.

यादीवर मी सगळं लिहिलं, काहीही न लपवता. प्रोग्रामरने दुभाष्या परत आत घातला आणि त्याची देखभाल स्वतःच्या नावावर घेतली. दोघातिघांनी मला धीर दिला. एकाने लिहिलं, की प्रत ठेवणं ही वाचनालयाचीच जबाबदारी होती. त्याचं खरं होतं, तरी मला त्याचा इतका राग आला की तीन उत्तरं लिहून तीनही पुसली.

मग मी नवा प्रस्ताव मांडला. यापुढे गप्प बसण्याला होकार समजू नये. निदान तिघांनी 'होय' असं लिहिल्याशिवाय काही मंजूर होणार नाही, आणि रांग रिकामी केल्याशिवाय दिवस मोजायचे नाहीत. खाली बोटं सवयीने 'हरकत नसल्यास' लिहायला गेली, ती थांबवली.

पहिला दिवस गेला. कुणी काही लिहिलं नाही. दुसराही गेला. मी रांग सकाळी बघितली, जेवणाआधी बघितली, सुपारी वाळत घालून हात पुसत बघितली. तेलवालेसुद्धा नव्हते. जुन्या नियमाप्रमाणे माझा प्रस्ताव तिसऱ्या दिवशी आपोआप मंजूर झाला असता. नवरा म्हणाला, "मग कर की मंजूर." मी नाही म्हटलं. तो हसला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला यादीवर मेल आला. काकांचा. आता ते जुने सभासद होते, त्यांना माझ्या दारात थांबावं लागत नव्हतं.

'प्रस्ताव वाचला. माझा होकार आहे. हे पोचले का, तेवढे कृपया कळवावे.'

मी 'पोचले' असं लिहून लगेच धाडलं. मग ते खरंच गेलं का, हे दोनदा तपासलं.